शकुंतलेच्या डब्यात 40 मिलिग्रॅम

मे 1980. मूर्तिजापूर जंक्शन. मुंबई-हावडा मार्गावरच्या लांबलचक गाड्या धडाधड निघून जातात आणि त्यांच्या रुळांपलीकडे, बाजूला काढून ठेवल्यासारखी शकुंतला उभी असते. अडीच फुटी रूळ, मोजके डबे आणि पुढे 1921 साली मँचेस्टरमध्ये घडवलेलं वाफेचं इंजिन. सकाळच आहे, तरी डब्याच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही.

तुम्ही आज 54 वर्षांचे आहात. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. हा देह तुम्हाला एका दिवसापुरता मिळालाय, त्याच्या खोडी समजून घ्या. चढण आली की छातीच्या मधोमध आवळतं, डावा हात जड होतो, दोन मिनिटं थांबलं की सुटतं. रक्तदाबही वाढलेला आहे. परवा अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला आणि सदऱ्याच्या खिशात आता जी पुडी आहे ती लिहून दिली. प्रोप्रॅनोलॉल, 40 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, काहीतरी खाऊन. मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

स्टेशनबाहेर तुम्ही आलुबोंडा खाल्लात, हिरवी मिरची चावलीत, अर्धा कप चहा घेतलात आणि गोळी गिळलीत. आता गाडीत चढा. अचलपूर पाऊणशे किलोमीटरवर आहे, पोचायला चार तास तरी लागतील. ही घाई नसलेली गाडी मुद्दाम निवडली आहे. तुमच्या पोटात गेलेल्या गोळीचं काम जवळजवळ याच वेगानं चालतं.

शिट्टी होते. गोळी जठरात पडून फुटली आहे, विरघळते आहे, पण इथून ती रक्तात जात नाही म्हटलं तरी चालेल. औषधाचा स्वभाव अल्कधर्मी. जठरातल्या आम्लात त्याच्या रेणूंवर विद्युतभार चढतो आणि असा रेणू पेशींच्या स्निग्ध पडद्यातून सहजासहजी पलीकडे जात नाही. त्यामुळे तो आलुबोंड्याच्या लगद्यात घुसळला जात राहतो. जठर आपलं तोंड थोडं थोडं उघडेल तसा तो लहान आतड्यात उतरेल. गोळी किती लवकर लागू होणार, याचा पहिला निर्णय हृदय घेत नाही की मेंदू घेत नाही, तो जठराच्या या खालच्या तोंडाशी होतो.

बाहेर काळी जमीन भेगाळून पडली आहे. पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत, पाऊस यायला महिना आहे. समोर बसलेल्या माणसानं तुमची पुडी पाहिली आहे.

"कुटी चालले बाप्पा?"

"अचलपूरले. पोरीकडे."

"गोयी कायची हाये?"

"छातीची."

तो मान हलवतो आणि विडी पेटवतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

आतड्यात आम्लता ओसरते, रेणूंवरचा भार उतरू लागतो आणि मग हे स्निग्धप्रेमी औषध आतड्याच्या अस्तरातून झरझर आत शिरतं. सारं आतडं बारीक उंचवट्यांनी भरलेलं, पसरलं तर 30 चौरस मीटरच्या आसपास भरेल. 40 मिलिग्रॅममधलं जवळपास सगळंच्या सगळं इथं उचललं जातं. शोषणाच्या बाबतीत या गोळीला नाव ठेवायला जागा नाही.

पण आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल शिरेतून यकृतात जातं, आणि यकृत म्हणजे शहराच्या हद्दीवरचा जकात नाका. आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबावंच लागतं. फरक इतकाच, की अकोल्याच्या नाक्यावर मालाचा थोडासा हिस्सा पैशांत द्यावा लागतो आणि इथं मालच उतरवून घेतात. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून वाहतं आणि त्यातलं प्रोप्रॅनोलॉल तिथले एन्झाइम पकडून बदलून टाकतात. कुठं एखादा ऑक्सिजन चिकटवतात, कुठं बाजूची साखळी तोडतात, कुठं साखरेसारखा एक रेणू जोडून पाण्यात विरघळणारा करतात. सरासरी माणसात 40 मधले 10 मिलिग्रॅम पलीकडे पोचतात. बाकीचे 30 हृदयाचं तोंड न पाहताच संपले. म्हणूनच हे औषध शिरेतून द्यायची वेळ आली तर डॉक्टर एक-दोन मिलिग्रॅमच देतात आणि तेही हळूहळू, नाडीवर लक्ष ठेवून. तोंडातून 40 आणि शिरेतून 1, या तफावतीत यकृताच्या वसुलीचा मोठा वाटा आहे.

आलुबोंडा इथं कामी येतो. जेवण झालं की यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो, औषध नाक्यावरून घाईत जातं आणि थोडं जास्त निसटतं. उपाशीपोटी घेतलेल्या त्याच गोळीतून रक्तात कमी उतरलं असतं. डॉक्टरांनी खाऊन घ्या म्हटलं त्यामागे पोट बिघडू नये एवढाच हेतू नव्हता. रोज एकाच पद्धतीनं घेतलं तर रोज साधारण तेवढंच मिळावं, हाही होता.

गाडी थांबते. स्टेशन नाही, फाटक आहे. शकुंतलेत हे नेहमीचंच. माणूस उतरतो, फाटक लावतो, गाडी रस्ता ओलांडून थांबते, तो फाटक उघडून पुन्हा चढतो. तिकीट देणारे, दिवे दाखवणारे, डबे जोडणारे तेच ते चार-सहा जण. रेल्वे सरकारची, तरी हा रूळ आजही किलिक-निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी घातलेला.

लाखपुरी येते. इथं पूर्णा आहे. मे महिन्यात तिला नदी म्हणायचं ते सवयीनं. वाळू, मध्ये एक बारीक धार, काठाला लक्षेश्वराचं देऊळ. गाविलगडच्या डोंगराकडून येणारी ही नदी अकोला-अमरावतीच्या मधून पश्चिमेला जाते आणि चांगदेवला तापीत मिळते. तिच्या दोन्ही तीरांना गाळाचा जाड थर आहे आणि त्या गाळाच्या पोटातलं पाणी खारं. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं त्यात येतात. विहीर खणली तर पाणी लागतं, पण त्यात तुरीची डाळ शिजत नाही. हा पट्टा लक्षात ठेवा. आज, या देहात, या गोळीला त्याचं काही वाटत नाही. चौदा वर्षांनी दुसऱ्या गोळीला वाटणार आहे.

पुलानंतर गाडी पुन्हा रखडते आणि तुम्ही लघवीला उतरता. बाभळीच्या आडोशाला उभे राहता न राहता तोच शिट्टी होते आणि गाडी हलते. धावा. धोतर हातात धरून धावा. समोरचा माणूस दारात उभा राहून हात पुढे करतोय.

चढलात. आता बसा आणि मनगटावर बोटं ठेवा. गेल्या आठवड्यात एवढं धावल्यावर नाडी 130 च्या पुढे गेली असती आणि छातीचा सांडशीत धरल्यासारखा चिमटा बसला असता. आज नाडी 90 च्या घरात आहे. पाय दमलेत, मांड्या जड झाल्यात, श्वास लागलाय, पण छाती गप्प आहे.

काय झालं ते असं. धावताना तुमच्या अंगात अॅड्रेनॅलिन सुटलं. ते हृदयाच्या पेशींवरच्या बीटा रिसेप्टरवर जाऊन बसतं तेव्हा हृदय जोरानं आणि जलद धडकतं. आल्क्विस्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1948 मध्ये या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले, तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. जेम्स ब्लॅकनं घेतलं. छातीच्या अशा दुखण्यात सगळे जण हृदयाला रक्त जास्त कसं मिळेल हे शोधत होते. ब्लॅकनं उलटा विचार केला, की हृदयाची मागणीच कमी केली तर? इंग्लंडातल्या आयसीआय कंपनीत त्यानं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ही औषधं घडवली, 1964 मध्ये प्रोप्रॅनोलॉल आलं, आणि 1988 मध्ये त्याला नोबेल मिळणार आहे. तुमच्या रक्तात पोचलेले ते 10 मिलिग्रॅम आत्ता रिसेप्टरच्या जागा अडवून बसलेत. अॅड्रेनॅलिन आलं, पण त्याला बसायला जागा मिळाली नाही.

ही गोळी तुमच्या पुडीत परवडणाऱ्या दरात आली, त्याला एक मुंबईची कहाणी आहे. सिप्ला या औषध कंपनीनं प्रोप्रॅनोलॉल इथं बनवायला घेतलं तेव्हा आयसीआयनं हरकत घेतली. सिप्लाचे युसूफ हमीद थेट इंदिरा गांधींपर्यंत गेले. 1970 चा पेटंट कायदा, जो 20 एप्रिल 1972 पासून अमलात आला, त्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं आणि बनवण्याच्या पद्धतीपुरतंच ठेवलं. वेगळ्या पद्धतीनं बनवा, खुशाल विका. मूर्तिजापूरच्या फलाटावर तुम्ही गोळी गिळलीत त्यात त्या कायद्याचा मोठा वाटा आहे.

बनोसा. म्हणजे दर्यापूर. इथं गाडी बराच वेळ थांबते. बोटांची टोकं गार लागताहेत, मे महिन्याच्या दुपारी! तेही गोळीचंच काम. हृदयाची गती उतरली, कातडीकडे जाणारं रक्त थोडं कमी झालं. आत्ता औषध रक्तात सर्वांत जास्त आहे. गिळल्यापासून एक ते चार तासांत कधीतरी हा टोकाचा क्षण येतो, आणि तुमचा तो बनोशाला आला असं धरू. रक्तातल्या दर शंभर रेणूंपैकी नव्वद प्रथिनांना चिकटलेले आहेत. मोकळे दहा काय ते काम करतात. काही तर स्निग्ध पदार्थांच्या वाटेनं मेंदूतही शिरलेत.

विडीवाला आता बोलतो. "माह्या सासऱ्याले बी हेच गोया देल्या होत्या. त्याले काईच फरक नाही पडला."

"विडी पेतात काय ते?"

"दिवसाचं एक बंडल."

तुम्हाला त्याला सांगता येणार नाही, कारण या डब्यात 1980 साल आहे. पण धुरातल्या रसायनांमुळे यकृत यातले काही एन्झाइम जास्त तयार करतं आणि मग प्रोप्रॅनोलॉल आणखी वेगानं निकालात निघतं. तंबाखू-चुन्यानं हे होत नाही, धुरानं होतं. शिवाय माणसामाणसात यकृताची ताकद मुळातच इतकी वेगळी, की एकाच मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्या दोघांच्या रक्तात औषधाचं प्रमाण वीस पटींपर्यंत वेगळं सापडलं आहे. सासऱ्याची गोळी खोटी नव्हती. ती पोचलीच नाही.

अंजनगावला पानमळ्यांच्या सावलीमुळे हवेत थोडा ओलावा येतो. पथ्रोट येतं, जातं. अचलपूरला मुलीच्या घरी तुम्ही ज्वारीची भाकर आणि पातोडीची भाजी खाता, दुपारची गोळी घेता, संध्याकाळी तिसरी. तीनदा का, त्याचं उत्तर रात्री मिळतं. दर तीन ते सहा तासांनी रक्तातलं औषध निम्मं होतं. पहाटेपर्यंत फारसं काही उरत नाही. नाडी मात्र तेवढ्या वेगानं परत चढत नाही, कारण उरलेल्या थोड्या रेणूंनीही बऱ्याच जागा अडवून ठेवलेल्या असतात. आणि एक गंमत पाहा. हे औषध हृदयाचा जोर कमी करतं, म्हणून यकृताकडे जाणारं रक्तही कमी होतं, आणि म्हणून स्वतःला बाहेर काढण्याचं काम ते स्वतःच मंद करतं.

झोपेत तुम्हाला विलक्षण ठसठशीत स्वप्न पडतं. गाडी चालली आहे आणि रूळ संपलेत. दचकून उठता. हे मेंदूत शिरलेल्या औषधाचं देणं, बऱ्याच जणांना येतं. अंगणात जाऊन लघवी करून या. त्यात गोळीचे तुकडे आहेत, यकृतानं बदललेले, पाण्यात विरघळणारे, निरुपयोगी. मूळ रूपातलं प्रोप्रॅनोलॉल शेकडा एकसुद्धा नाही. मूत्रपिंडाकडे फक्त हे तुकडे टाकण्याचं काम, औषध यकृताच्या वाटेचं.

इथून थोडं मागे जाऊ. 1957, अमरावती, इर्विन हॉस्पिटल. विदर्भ सध्या मुंबई राज्यात आहे. तीच छाती, तेच आवळणं. डॉक्टर तुम्हाला सर्पगंधेची गोळी देतात. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावर या मुळीचा अनुभव मांडला, आणि याच वर्षी त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळतो आहे. दाब उतरतो, पण नाक चोंदतं आणि मन खचतं. छाती दुखली तर जिभेखाली ठेवायची एक बारीक नायट्रोग्लिसरीनची गोळी वेगळी. ती गिळायची नाही, आणि त्यामागचं कारण तुम्हाला आता सांगायला नको. जिभेखालच्या शिरा यकृताला वळसा घालून सरळ हृदयाकडे जातात. गिळलीत तर नाक्यावरच संपेल. इर्विनमधून तुम्हाला लवकर काढतो, कारण विश्रांती घ्या, जिने चढू नका, यापलीकडे इथं फारसं काही नाही.

आता 1994. एप्रिलची 15 तारीख उलटून गेली आहे. शकुंतलेचं वाफेचं इंजिन त्या दिवशी काढून घेतलं आणि आता डिझेल लागतं. पण या खेपेला तुम्ही गाडीत नाही. देहही वेगळा आहे. दर्यापूर तालुक्यातल्या पूर्णाकाठच्या एका गावात, ओसरीवर, बाजेवर तुम्ही पडलेले आहात. वय 62, वजन 48 किलो. आयुष्यभर उन्हात राबलेला देह.

"अजी, उठा ना. चहा झाला."

उठता आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंत धरता. गेल्या पंधरवड्यापासून असं होतंय. मनगट दाबा, मोजा. 42. मिनिटाला 42.

कोनाड्यात गोळ्यांची पट्टी आहे. अॅटेनोलॉल, 100 मिलिग्रॅम, सकाळी एक. 1976 साली आयसीआयनंच बाजारात आणलेलं हे औषध आता वऱ्हाडातल्या प्रत्येक दुकानात आहे. दिवसातून एकदाच, ही त्याची मोठी सोय, आणि स्वप्नंही छळत नाहीत. हा रेणू चरबीत नाही, पाण्यात रमणारा. त्यामुळे आतड्याच्या स्निग्ध पडद्यातून त्याला धड जाता येत नाही. निम्माच आत येतो, उरलेला निम्मा तुम्ही सकाळी परसाकडे टाकून येता. मेंदूतही तो फारसा शिरत नाही. प्रथिनांना चिकटत नाही. आणि यकृत? यकृत त्याला हातही लावत नाही म्हणा ना. नाका सताड उघडा. आत आलेला जवळजवळ सगळा रेणू, जसाच्या तसा, न मोडता, एकाच दारानं बाहेर जातो. मूत्रपिंडाच्या.

चांगल्या मूत्रपिंडातून मिनिटाला सुमारे 120 मिलिलिटर द्रव गाळला जातो. अशा माणसात अॅटेनोलॉल दर सहा-सात तासांनी निम्मं होतं. आज सकाळी घेतलेल्यातलं उद्या सकाळी शेकडा दहासुद्धा उरत नाही. पाटी जवळजवळ कोरी झाली की नवी गोळी.

तुमची मूत्रपिंडं चांगली नाहीत. कशानं बिघडली? गावाला विचारा. "खारं पानी," गाव एकमुखानं सांगेल. घरटी कुणीतरी किडनीनं गेलेलं आहे, आणि ही तक्रार साऱ्या खारपाणपट्ट्याची आहे. डॉक्टर खाऱ्या पाण्याची गोष्ट उडवून लावत नाहीत, पण यादी लांबवतात. वर्षानुवर्षं वाढलेला आणि कुणी न मोजलेला दाब. साखर. 45 अंशांच्या उन्हात दिवसभर राबून अर्ध्या लोट्यावर भागवणं, कारण ते पाणी घशाखाली उतरत नाही. आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, जी तुम्ही दोन वर्षं रोज घेताय आणि जी कुणाला सांगण्याइतकी गोष्ट वाटली नाही. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळते, वर दाबाच्या औषधाचा परिणामही कमी करते. मला विचाराल तर या पट्ट्यात पाण्याइतकाच या गोळीचा तपास व्हायला हवा.

मुलगा तुम्हाला एसटीनं अमरावतीला नेतो. रक्त तपासतात. क्रिएटिनिन 3.2. डॉक्टर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आकडेमोड करतात, ती पाहा. 140 मधून वय वजा, 78. गुणिले वजन 48. भागिले 72 गुणिले 3.2. उत्तर 16. काक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचं हे सूत्र, तेही 1976 चंच. गोळी आणि तिला मापणारी फूटपट्टी एकाच वर्षी जगात आली, गावात पोचली ती फक्त गोळी.

120 च्या जागी 16. गाळणी इतकी मंदावली की अॅटेनोलॉल निम्मं व्हायला सहा-सात तासांऐवजी सोळा ते सत्तावीस तास लागतात. तुमच्यासाठी चोवीस धरू, हिशेब सोपा पडेल. सोमवारी सकाळी एक गोळी. मंगळवारी सकाळी तिच्यातली अर्धी अंगातच आहे आणि तुम्ही दुसरी घेता, दीड झाली. बुधवारी त्यातली निम्मी आणि एक, पावणेदोन. आठवड्याअखेर तुमच्या अंगात सकाळच्या वेळी दोन गोळ्या फिरताहेत, आणि पुढची गोळी घ्यायच्या क्षणीसुद्धा अख्खी एक शिल्लक असते. निरोग्या माणसात त्या क्षणी जे असतं त्याच्या दहापट. तुम्ही नियम मोडला नाही. एकही गोळी जास्त घेतली नाही, एकही चुकवली नाही. इतक्या प्रामाणिकपणे घेतलीत म्हणूनच साठली.

"लघवी किती होते काका?"

"कमीच होते सायेब."

"गोयी खराब नाही. तुमची किडनी तिले बाहेर काढून नाही राहिली."

तुम्हाला वाटतं आता ही गोळी बंदच. मुलगाही तेच म्हणतो. डॉक्टर मान हलवतात. महिनोन्महिने जागा अडवून ठेवल्या की हृदय आपल्या भिंतींवर नवे रिसेप्टर उभे करतं. गोळी एकदम थांबली की अॅड्रेनॅलिनला एकदम जास्त जागा मोकळ्या मिळतात. दाब उसळतो, छाती दुखते, झटकासुद्धा येतो. म्हणून त्या दिवशी कागद काढून, नाडीवर नजर ठेवून ते तुम्हाला दवाखान्यात ठेवून घेतात, मात्रा खाली आणतात, आणि पुढच्या काही दिवसांत यकृताच्या वाटेनं जाणाऱ्या गोळीवर वळवतात. दुखण्याची गोळी मात्र त्याच मिनिटाला बंद. ती मुलाच्या हातातून काढून घेऊन टोपलीत टाकतात.

गोळ्यांच्या पट्टीवर मिलिग्रॅम छापतात, किंमत छापतात, मुदत छापतात. बाहेर पडण्याचं दार छापत नाहीत. किडनी की लिव्हर, एवढा एक शब्द छापला तर पूर्णाकाठच्या औषधाच्या दुकानात किती तरी गोष्टी वेळीच कळतील.

शेवटची उडी, आजच्या दिवसात. शकुंतला बंद आहे. रुळांवर बाभळी उगवल्यात, ब्रॉडगेज होणार म्हणून गावं वाट पाहताहेत. पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत वान आणि शहानूर धरणांचं गोड पाणी नळानं येतं, रोज नाही, पण येतं. तुम्ही आता तुमच्या स्वतःच्या देहात आहात. तुमच्या हातात मेटोप्रोलॉल आहे, 50 मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारं. ते आतड्यात दिवसभर थोडं थोडं झिरपतं, म्हणूनच ते चावायचं किंवा कुटायचं नाही. चावलंत तर दिवसभराचा माल एका तासात आत येईल. हे औषध यकृताच्या वाटेचं. तिथं ज्या एका एन्झाइमवर त्याची भिस्त आहे, तो एन्झाइम काही मोजक्या माणसांत जन्मतःच लुळा असतो. त्यांच्या रक्तात त्याच गोळीतून काही पट जास्त औषध चढतं. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्याही तोच एन्झाइम अडवतात. ज्यांना एकाच दाराचा भरवसा नाही अशांसाठी बिसोप्रोलॉल आहे. अर्धं यकृतातून जातं, अर्धं मूत्रपिंडातून. एक दार अडलं तर दुसऱ्यावर भार पडतो, पण गाडी अडत नाही.

दर्यापूरच्या औषधाच्या दुकानात तुमच्या पुढे एक म्हातारी उभी आहे. मुठीत चुरगळलेली रिकामी पट्टी. "हेच दे बापू," ती म्हणते. दुकानदार पट्टी उजेडात धरून नाव वाचतो. अॅटेनोलॉल. खालच्या फळीवरून डबी काढता काढता तो थांबतो.

"माय, रक्त कवा तपासलं होतं?"

"काहून?"

"तपासून ये आधी. आजची गोयी घेऊन जा, पन रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जाजो."

म्हातारी पदराच्या गाठीतून पैसे सोडते आणि विचारते, तपासणीचे किती लागतील.